जकात नाक्यावरची मावशी

जकात नाका म्हणजे काय ते तुम्हाला दोघांना आधी सांगायला हवं, कारण तुमच्या जन्माआधीच आपल्या गावातला तो बंद पडला होता. पूर्वी गावात माल घेऊन येणाऱ्या गाडीला वेशीवर थांबून नगरपरिषदेचा कर भरावा लागे. त्यासाठी नांदेडच्या रस्त्यावर दोन खोल्यांची दगडी इमारत होती, पुढे पत्र्याची पडवी होती आणि रस्त्यावर आडवा बांबू असे. जकात गेली, बांबू गेला, इमारत तेवढी राहिली. पुढे गाव वाढलं, बाजार नाक्याच्या पलीकडे सरकला, आणि एके काळी वेशीवर असलेली ती इमारत आता ऐन मोक्याच्या जागी आली आहे. सगळ्या गोष्टीचं मूळ तेवढंच.

या लिखाणात मी कोणाचंही नाव घालत नाही. माणसं सगळी इथलीच आहेत, रोज भेटतात, आणि त्यांच्या घरची मुलंही आता हातात फोन घेऊन सगळं वाचतात.

काही वर्षांपूर्वी त्या वेळच्या मुख्याधिकाऱ्यांनी नाक्याची इमारत झाडून घेतली, खाटा टाकल्या आणि तिथे बेघर लोकांसाठी निवारा सुरू केला. एक खोली बायकांची, एक पुरुषांची. देखरेखीला समिती नेमली आणि तिच्यावर मला घेतलं. निवृत्त मुख्याध्यापिकेला गावात अशा समित्यांवर हमखास घेतात. ती वेळेवर येते आणि निवडणुकीला उभी राहत नाही. मी दर आठवड्याला जाऊन चादरी, पाणी, दिवे बघून येत असे. चादरी धोब्याकडे वेळेवर जाव्यात म्हणून मी किती वाद घातले, ते तुमच्या आईला विचारा.

तिथे राहणाऱ्यांत एक कासारीण होती. कासारीण म्हणजे बांगड्या भरणारी. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, मीही म्हणते, वयाने ती माझ्याहून लहान असली तरी. डोक्यावर पेटी घेऊन ती लोहा गावच्या बाजारालाही जात असे आणि गावातल्या जुन्या घरांतही. नवरा गेला. मुलगा पुण्याकडे कामाला गेला आणि तिकडेच एका खोलीत चौघांबरोबर राहतो, तिथे आईला कुठे नेणार? मावशी रस्त्याकडेच्या भाड्याच्या खोलीत होती. रस्ता रुंद झाला तेव्हा ती ओळच्या ओळ पाडली गेली. मालकांना मोबदला मिळाला, भाडेकरूंचा विषयच निघाला नाही. मावशी एसटी स्टँडवर गेली. थंडीत तिला तिथे बाकावर बसलेली पाहून मीच नाक्यावर घेऊन आले होते.

पण ती नाक्यात राहते हे तिने गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी उठायची, पेटी उचलायची, स्टँडवर जाऊन बसायची. बांगड्या भरायला बोलावणाऱ्यांनी तिथे निरोप द्यायचा, तिथूनच न्यायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "बाई, बेघराच्या हातून चुडा कोण भरून घेईल? शुभ काम हाय माझं."

मधली काही वर्षं नगरपरिषदेवर प्रशासक होता. निवडणूक झाली, पुन्हा सभा भरू लागल्या, आणि नगराध्यक्षपद महिलेला राखीव निघालं. निवडून आली ती माझीच विद्यार्थिनी. मला आनंद झाला, पण तो जपून ठेवावा लागला, कारण नगराध्यक्ष ती असली तरी साहेब म्हणत ते तिच्या नवऱ्याला. भेटायला गेलं की तो बोलायचा, ती पाणी आणायला सांगायची. सभागृहात त्याला बसता येत नाही, म्हणून सभा चालू असताना तो तिच्या दालनात बसायचा आणि शिपायाबरोबर निरोप धाडायचा.

माघात मला कळलं की जकात नाका पाडून तिथे गाळे बांधायचा बेत आहे. खाली दुकानं, वर हॉल. निवाऱ्यातल्या लोकांसाठी कचरा डेपोच्या शेजारी पत्र्याची शेड बघून ठेवली होती, गावापासून लांब, ओढ्यापलीकडे. इतर कोणी कदाचित गेलंही असतं. पण मावशी तिथून पेटी घेऊन गावात रोज कशी येणार? तिचे गुडघे गेलेले. तिथे जाणं म्हणजे काम सोडणं, आणि काम सुटलं की हात पसरणं. तिने मला सांगून टाकलं होतं, "डेपोला न्हाई जायची मी. परत स्टँडावर जाईन." आणि थंडी अजून होती.

मी माझ्या पद्धतीने गेले. समितीतर्फे अर्ज दिला, पोच घेतली. नगराध्यक्षांची वेळ मागितली. ठरल्या वेळी त्यांच्या घरी गेले तर साहेबच समोर.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? पर्यायी जागा दिलीय ना आपण."

"ती जागा राहण्यासारखी नाही. आपण पाहून आलात का?"

"इंजिनिअर पाहून आलेत. नाका पण पाहून आलेत ते. कुलूप होतं. वापरातच नाही ती इमारत."

इंजिनिअर दुपारी गेले होते. दुपारी नाक्याला कुलूप असतं, कारण तिथली माणसं दिवसा कामाला जातात. कोणी हमाली करतो, कोणी भांडी घासते, कोणी मंदिरापुढे फुलं विकते. बेघर माणूस म्हणजे दिवसभर पडून राहिलेला माणूस, असं ज्याच्या मनात पक्कं असतं तो दुपारी कुलूप पाहून इमारत रिकामी आहे असंच समजणार. मी हे समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि विषय बदलला. माझी विद्यार्थिनी त्या दिवशी घरी नव्हती, मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नांदेडला गेली होती.

तुम्हाला आपल्या नगरपरिषदेची एक रीत सांगते. विषयपत्रिकेवर जे विषय असतात त्यांवर भाषणं होतात. खरी कामं होतात ती शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात. तोवर पोहे झालेले असतात, चहा आलेला असतो, निम्मे सदस्य घड्याळ बघत असतात. कोणीतरी वाचतो, कोणीतरी मंजूर म्हणतो. नाक्याचा विषय ऐनवेळी येणार आहे असं मला कार्यालयातल्या एकाकडून कळलं, आणि मला धास्ती बसली.

सभेच्या आदल्या दिवशी नगराध्यक्षांच्या घरी बांगड्या भरायचा कार्यक्रम होता. लग्नघरात कासार बसवतात, नवरीला हिरवा चुडा भरतात आणि जमलेल्या सगळ्या बायकांचे हात भरून देतात. मला बोलावणं होतं. आणि कासारीण म्हणून कोणाला आणलं होतं? मावशीला. साहेबांच्या आईचा हट्ट. दुकानातली पोरं हात दाबून धरतात, म्हातारीला ते चालत नाही. तिचे हात कित्येक वर्षं मावशीच भरत आलेली. साहेबांनी स्वतःची गाडी स्टँडवर पाठवून मावशीला आणवलं होतं. ती कुठे झोपते याची त्या घरात कोणालाच कल्पना नव्हती.

मला त्याच्याही आदल्या दिवशी मावशीने बजावलं होतं. "बाई, तिथं नाक्याचं नाव काढायचं न्हाई. लग्नघर हाय. चुडा भरतानी रडगाणं गायलं तर पोरीला लागतं."

"अगं, पण नगराध्यक्षांना सांगायची हीच वेळ आहे."

"न्हाई म्हणलं ना."

मी वचन दिलं. मनाविरुद्ध, पण दिलं.

दिवाणखान्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. मावशी मधोमध पेटी उघडून बसली. धुतलेलं लुगडं, तेल लावून चापून बसवलेले केस. एका पाहुणीने हळूच विचारलंच, "विधवा हाय ना ही? नवरीचा चुडा…" साहेबांची आई तिकडून कडाडली, "कासारणीला काय असतंय गं त्याचं? माझा भरला, माझ्या लेकींचा भरला. बस गुमान." पाहुणी बसली.

नवरीचा हात झाला. नवरीने वाकून मावशीला नमस्कार केला, पदरात सुपारी-तांदूळ घातले. मग बायकांची रांग लागली. निम्म्या नगरसेविका तिथे होत्या. कोणी भावकीतल्या, कोणी नवऱ्याच्या पक्षातल्या. भाजीमंडईच्या वॉर्डातली नगरसेविका सगळ्यांत मोठ्याने हसत होती. तिचा हात जाड, बांगडी चढेना.

"हात ढिला सोडा, ताई."

"माझा हात ढिला सोडला तर घर चालंल का, मावशे?"

नगराध्यक्षा कामं आटोपून आली आणि मावशीपुढे बसली. उजवा हात भरून झाला. डावा मावशीने हातात घेतला. नगराध्यक्षेची सासू, म्हणजे साहेबांची आई, शेजारीच होती, स्वतःच्या भरलेल्या हातांकडे बघत खुशीत.

"मावशे, जावई पहिल्या सणाला येतील तव्हा पुन्हा ये बरं. गाडी कुठं पाठवू?"

"स्टँडावर पाठवा."

"दर वेळी स्टँडावर कामून? घर कुठं हाय तुझं? ते रस्त्यात गेलं म्हणत होते."

"गेलं की. लई दिवस झाले."

"मग राहायलीस कुठं?"

बांगडी बोटांच्या गाठीवर आली होती, मावशी ती अंगठ्याने दाबत राहिली. तिला वाटलं असावं, म्हातारी विसरेल. म्हातारी विसरणाऱ्यांतली नव्हती.

"अगं, सांग की. चोरून राहतीस का काय?"

बायका हसल्या. मावशीचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहत राहिले, वचन दिलं होतं ना.

"जकात नाक्यात राहते," ती म्हणाली. "सरकारी हाय ते. चोरून न्हाई."

"कोणत्या जकात नाक्यात?" नगराध्यक्षा म्हणाली. "नांदेड रोडच्या? तो बंद आहे. कुलूप आहे त्याला."

"दिवसा असतंय कुलूप, बाईसाहेब. दिवसा कामाला जातो आमी. संध्याकाळी उघडतंय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"हाव ना, आठ-दहा जण हावोत. बायका हायत, म्हातारे हायत."

नगराध्यक्षेने माझ्याकडे वळून पाहिलं. शाळेत असताना गणित अडलं की असंच बघायची. "बाई, हे खरं आहे?"

आता गप्प बसण्यात अर्थ नव्हता. "खरं आहे. समितीवर मीच आहे. अर्ज दिला होता. साहेबांशी बोलणंही झालं होतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

ती उठायला निघाली. मावशीने हात सोडला नाही.

"ताणू नका, वाढंल." बांगडी फुटेल असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढेल म्हणतात. आणि वाढली नसती तरी ती उठू शकली नसती: एक हात भरलेला आणि एक अर्धा ठेवून बाईने उठू नये, असं तिच्या सासूचं ठाम मत. म्हणून ती बसून राहिली, आणि बसली म्हणून ऐकावं लागलं. खोली कशी गेली, स्टँडवर थंडी कशी असते, डेपोजवळची शेड कशी आहे, हे तिने एकेक विचारलं. मावशी थोडक्यात सांगत गेली. रडगाणं गायली नाही. विचारलं तेवढंच बोलली, मान खाली घालून, बांगड्या चढवत.

भाजीमंडईवाली मधेच ओरडली, "अवो, मग उद्याच्या सभेत आपण मावशीचंच घर पाडायलोत की!"



तेवढ्यात साहेबांनी दारातून डोकावलं. "झालं का? मुख्याधिकारी आलेत. उद्याच्या विषयावर सही पाहिजे."

"बायकांत काय काम रे तुझं?" त्यांची आई म्हणाली. "हात अर्धा हाय तिचा. बसू दे त्यांना."

"आई, एक सही…"

"डावा हात अडकलाय, उजवा आत्ताच भरलाय, त्याला लगेच काम लावू न्हाई. सही कशानं करंल ती?"

मुख्याधिकारी व्हरांड्यात बसून राहिले. मला ते बसल्या जागेवरून दिसत होते. त्यांना घाई दिसत नव्हती.

हात भरून झाल्यावर नगराध्यक्षेने मावशीला वाकून नमस्कार केला, जसा सगळ्या करतात तसाच. मग बाहेर जाऊन मुख्याधिकाऱ्यांना म्हणाली, सही उद्या सभेतच करीन.

मावशी मात्र माझ्यावर आणि स्वतःवर चिडली होती. गाडीत बसताना पुटपुटली, "तोंड उघडलं मी लग्नघरात. आता ह्या घरचं बोलावणंबी सुटलं." मला तिची समजूत घालता आली नाही. सभेत काय होईल हे मलाही माहीत नव्हतं. घरात कळवळून बोलणारी माणसं सभागृहात गेली की वेगळी होतात, हे मी पाहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी जाऊन मागच्या बाकावर बसले. पाणीपुरवठा झाला, नालेसफाई झाली, विकास आराखड्यातल्या आरक्षणांवर बरंच बोलणं झालं. पोहे झाले. मग एका जुन्या नगरसेवकांनी, जे चारदा निवडून आले आहेत आणि कागद न बघता बोलतात, ऐनवेळचा विषय मांडला: जुना जकात नाका, वापरात नसलेली इमारत, पाडून व्यापारी संकुल.

"अनुमोदक कोण?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

एरवी दोन-तीन आवाज येतात. आज कोणी बोललं नाही. नगराध्यक्षेचा फोन टेबलावर थरथरला. तिने तो उलटा ठेवला. शिपाई दालनातून आला, तिच्या कानाशी वाकला. ती म्हणाली, "सांगा त्यांना, सभा चालू आहे."

"अनुमोदन द्या की कोणीतरी," जुने सदस्य म्हणाले. "झोपलात काय?"

भाजीमंडईवाली उठली. "ती इमारत वापरात हाय. काल संध्याकाळी मी आन् अध्यक्ष दोघी जाऊन आलोत. खाटा हायत तिथं. माणसं हायत. आपल्या लग्नाला बांगड्या भरणारी बाई तिथं राहते."

"बघा, काल सगळ्यांनी बांगड्या भरल्या," जुने सदस्य हसत म्हणाले, "म्हणून आज हे असं चाललंय."

"तुमी बी भरून घ्यायच्या होत्या, काका. तुमाला बी कळलं असतं."

सभागृहात जो हशा उठला त्यात ते स्वतःही सामील झाले. माणूस वाईट नाही. नंतर त्यांनीच सुचवलं की गाळे जुन्या कोंडवाड्याच्या जागेवर बांधता येतील, तिथे रस्ताही रुंद आहे. मुख्याधिकारी म्हणाले की निवारा तर शासनाला दाखवावाच लागतो, तो गावात असलेलाच बरा; विकास आराखड्यात नाक्याच्या जागेवर बेघर निवाऱ्याचं आरक्षण टाकता येईल, हरकती मागवाव्या लागतील, पण होईल. नगराध्यक्षेने ठराव स्वतःच्या तोंडाने वाचला. वाचताना अडखळली, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मंजूर झाला.

मी ठरावाची तारीख वहीत लिहून घेतली आणि बाहेर आले.

पायऱ्यांवर साहेब भेटले. "मॅडम, तुमची विद्यार्थिनी तुमच्यासारखी निघाली."

"नाही हो," मी म्हटलं. "वर्गात ती कधीच बोलत नसे."

ते हसले. जरासं कसनुसं, पण हसले.

सगळं सुटलं असं नाही. आरक्षणावर हरकती येतील, नाक्याचा पत्रा गळतो तो गळतोच, आणि स्टँडवर अजून एक कुटुंब आहे ज्याच्यासाठी नाक्यात जागाच नाही. त्यांचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. पण मावशीला कुठे जावं लागणार नाही, तेवढं त्या दिवसापुरतं मला पुष्कळ होतं.

बातमी सांगायला मी रिक्षा करून स्टँडवर गेले. मावशी तिथे नव्हती. नाक्यावर गेले तर भर दुपारी कुलूप उघडं. दारात तिथलेच एक म्हातारे बसलेले, पायाला लागलं म्हणून कामावर गेले नव्हते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कळलं तिला?" मी हळूच विचारलं.

"मघाच कळलं. भाजीमंडईवाल्या ताईनं फोन केल्ता माझ्यावर. तव्हापासून निजलीय."

मी आत डोकावले. मावशी खाटेवर आडवी झाली होती, तोंड उघडं, चांगली घोरत होती. इतक्या वर्षांत तिला मी दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. रात्रीसुद्धा ती भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपते, असं बाकीच्या बायका सांगत. पेटी खाटेखाली ढकलून दिली होती. चादर मात्र मळलेली होती, धोब्याने पुन्हा खाडा केलेला. मी त्याबद्दल काही बोलले नाही.

"उठवू का?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "झोपू द्या. पोटभर झोपू द्या."